इथल्यांचा टॅग

विमानतळावर सामानाच्या पट्ट्याशेजारी काचेच्या पेटीत एक अस्वल उभं होतं. पेंढा भरलेलं, पण दोन पायांवर, जबडा वासून, आणि माझी मिशिगनमधल्या नोव्हायहून आणलेली जांभळी बॅग नेमकी त्याच्या पंजाखालून येत होती. मी दोन फेऱ्या बॅग तशीच जाऊ दिली. शेवटी केदारने ती उचलली आणि म्हणाला, "आई, हा ग्रिझली. आपल्या इथे खूप आहेत."

"आपल्या इथे" म्हणजे वायोमिंगमध्ये. नोव्हायच्या घराला तो हल्ली "तुमच्याकडे" म्हणतो.

मी भित्री आहे, हे आधीच कबूल करते. मिशिगनमध्ये तीस वर्षं काढली, तरी फ्रीवेवर शेजारून मोठा ट्रक गेला की मी अजून रामरक्षा पुटपुटते. "भित्यापाठी ब्रह्मराक्षस" हे माझ्या आईचं आवडतं वाक्य, आणि ते ती बहुधा माझ्याकडे बघूनच म्हणायची. तेव्हा ज्यांनी तो मुलूख पाहिलेला नाही, त्यांनी माझ्या वर्णनातलं प्रत्येक अस्वल वीतभर कमी करून वाचावं. गावाचं नाव मात्र मी सांगणार नाही. प्रकरण अजून मिटलेलं नाही, आणि वायोमिंगचा नंबर फोनवर दिसला की आजही मी तो दोनदा वाजू देते आणि मगच उचलते.

केदार आमचा एकुलता एक. जन्म नोव्हायचा, शाळा-कॉलेज मिशिगनचं. दोन-अडीच वर्षांपूर्वी त्याने तिकडच्या एका छोट्या गावात हायस्कूलवर गणिताच्या मास्तरची नोकरी धरली. आमच्या ओळखीतली पोरं कॅलिफोर्नियात फ्रीमाँटला जातात, हा डोंगरात गेला. विवेकला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, कंपनीच्या नव्या गाडीच्या लाँचमुळे रजा नव्हती. म्हणून ऑक्टोबरात आठवड्यासाठी मी एकटीच निघाले, बॅगेत भाजणी, बेसनाचे लाडू आणि काळा मसाला भरून.

विमानतळापासून गाव दोन तास. त्या दोन तासांत एक पेट्रोल पंप लागला आणि तोही बंद. दोन्ही बाजूंना तारेची कुंपणं, पिवळं गवत, आणि आभाळ इतकं मोठं की आपण त्याच्याखाली उघडे पडलोय असं वाटत राहतं. माझ्या पायाशी एक लांब काळी पेटी होती.

"हे काय आहे रे?"

"रायफल. रिलॅक्स, आई. लोडेड नाहीये."

"नसू दे. तरी तिचं तोंड तिकडे कर."

त्याने गाडी थांबवून खरंच पेटी फिरवली. एवढा गुणी मुलगा आहे तो. पुढचा सगळा रस्ता मी पाय वर घेऊन बसले.

रॉय आणि टॅग

संध्याकाळी शेजारचे रॉय जेवायला आले. सत्तरी ओलांडलेले, गुरं पाळणारे, बायको गेल्यापासून एकटे. घरात शिरताना हॅट काढून मला "मॅम" म्हणाले. केदार त्यांना नुसतं "रॉय" म्हणतो, ते माझ्या कानाला टोचतं, म्हणून मनातल्या मनात मी त्यांना रॉयदादा करून टाकलं. त्यांनी स्वतःच्या फ्रीजरमधलं एल्कचं मटण आणलं होतं. एल्क म्हणजे हरणाचाच जातभाई, पण घोड्याएवढा थोराड, आणि नराच्या डोक्यावर झाडच उगवल्यासारखी शिंगं. मी ते मटण कांदा-खोबरं भाजून, काळा मसाला घालून केलं. रॉयदादांचं कपाळ घामाने डबडबलं, नाक लाल झालं, पण त्यांनी तीनदा वाढून घेतलं आणि भाकरीने ताट पुसलं.

तिथे कळलं की केदारला टॅग लागलाय. टॅग म्हणजे एका जनावराची परवानगी. तो कागद खिशात असल्याशिवाय एल्कवर नेम धरला तर तो गुन्हा. चांगल्या डोंगराचे टॅग थोडे आणि मागणारे फार, म्हणून सोडत काढतात, आपल्याकडे सरकारी घरांची काढतात तशी. आणि त्या सोडतीत दोन ढिगारे असतात. एक इथल्या रहिवाशांचा, तो मोठा. दुसरा बाहेरच्या राज्यांतून येणाऱ्यांचा, तो लहान. कुणाला किती द्यायचे, यावरून तिथे सख्खे मित्र बोलेनासे होतात.

"मी त्या डोंगराचा टॅग किती वर्षं मागतोय ते आता मोजत नाही," रॉयदादा म्हणाले. "मास्तरला दुसऱ्याच खेपेला लागला." हे म्हणताना त्यांच्या तोंडावर हेवा नव्हता, मी मुद्दाम निरखून पाहिलं. "टॅग त्याचा, पायवाट माझी. परवा मी नेतो दोघांना."

"दोघांना?" मी विचारलं.

"आई, तूपण येतेस," केदार म्हणाला. "प्लीज. एकदा बघ ना, मी कुठे राहतो ते."

आता याला नाही कसं म्हणायचं? मी हो म्हटलं आणि लगेच विचारलं, "अस्वलं?" रॉयदादांनी मान डोलावली. "आहेत, मॅम."

दारातले दोन कागद

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गावच्या हॉलमध्ये जनसुनावणी होती. बाहेरच्यांचा टॅगांचा वाटा आणखी कमी करावा की नाही, यावर लोकांचं म्हणणं ऐकायला जंगलखात्याची माणसं येणार होती. आणि रहिवाशांच्या बाजूने बोलणार होता कोण? तर आमचा केदार! रॉयदादांनीच त्याचं नाव दिलं होतं. "आम्ही उभे राहिलो की ओरडतो," ते म्हणाले. "मास्तर नीट बोलतो."

दारात टेबलावर नावं लिहायला दोन कागद होते, एक रहिवाशांचा, एक बाहेरच्यांचा. केदारने पहिल्यावर नाव लिहिलं, मी दुसऱ्यावर. आत दोनेकशे माणसं आणि तेवढ्याच हॅटी असतील. कित्येकांच्या कमरेला पिस्तूल, आणि त्याचं कुणाला काही नाही. आपल्याकडे सोसायटीच्या मीटिंगला नुसता आवाज चढला तरी बायका पोरांना घेऊन निघून जातात. मी दाराजवळची खुर्ची पकडली.

पेनसिल्व्हेनियाहून आलेले एक गृहस्थ बोलले. हे डोंगर काही वायोमिंगचे नाहीत, सगळ्या देशाचे आहेत, मीही कर भरतो, मग माझा वाटा का कापता? मला पटलं. मग शिकाऱ्यांना डोंगरात नेणारी एक बाई उठली. बाहेरचे आले नाहीत तर माझी चूल पेटणार नाही, म्हणाली. तेही पटलं. मग एक शेतकरी उठला आणि त्याने खुर्चीच आपटली. "हिवाळ्यात एल्क कुंपण तोडून माझं गवत खातात. पेनसिल्व्हेनियात जाऊन खात नाहीत!" हॉल असा गरजला की माझी मूठ पर्सच्या पट्ट्यावर आवळली गेली. पण पटलं तेही.

मग केदार उभा राहिला. मायक्रोफोनपुढे तो एवढासा दिसत होता. त्याचा रंग, त्याचं नाव, आणि समोर हे सगळे हॅटवाले. कुणी ओरडलं तर? कुणी म्हटलं, तू कोण आम्हाला सांगणार?

"मी इथे जन्मलो नाही," तो म्हणाला. "हे गाव कसं आपलं होतं ते मला फेब्रुवारीने शिकवलं. रस्ता बंद झाला, तेव्हा जे एकमेकांच्या दारातला बर्फ काढतात, त्यांचा वाटा थोडा मोठा असावा. पण बाहेरच्याला दार बंद करू नका. मीही बाहेरूनच आलो." एवढंच. पहिली टाळी रॉयदादांची पडली आणि मग सगळ्या हॉलची. मला रडू आलं. पोराने परक्या गावात माणसं जोडली होती.

शेवटी खात्याचा एक अधिकारी बोलायला आला. वाटा कितीही ठरवा, म्हणाला, आधी कुणी चुकीच्या रांगेत उभं राहू नये. इथला म्हणवायला आधीचं सलग एक वर्ष इथला असावा लागतो. "आणि त्या वर्षात दुसऱ्या राज्यात रहिवासी म्हणून लायसन्स काढलं असेल, अगदी मासे धरायचं का असेना, तर तो इथला धरला जात नाही. खोटा टॅग म्हणजे शेजाऱ्याच्या ताटातली चोरी."

मासे. मी बोटांवर महिने मोजायला लागले.

गेल्या वर्षी केदार गणपतीला चार दिवस घरी आला होता. विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी बापलेकांना तळ्यावर मासे धरायला जायची हुक्की आली. "अगं, तेवढी लायसन्सं काढ ना ऑनलाइन!" विवेक गॅरेजमधून ओरडला. मी ओट्यावर लॅपटॉप उघडला. केदारच्या जुन्या मिशिगनच्या ड्रायव्हिंग लायसन्सचा नंबर त्यात होताच. एका ठिकाणी विचारलं होतं, रहिवासी की बाहेरचा? समोर केदार उरलेले मोदक खात बसला होता, पहिलीपासून ज्या खुर्चीवर बसत आला त्याच खुर्चीवर, आणि तूप मनगटापर्यंत ओघळलं होतं. त्याला बाहेरचा म्हणून कुठली आई लिहील? मी "रहिवासी"वर खूण केली, कागद छापला आणि घडी घालून त्याच्या खिशात कोंबला. त्याने तो उघडूनसुद्धा पाहिला नाही. आणि त्यानंतर आठ महिन्यांनी, वसंतात, त्याने वायोमिंगला एल्कचा अर्ज केला होता.

हॉलबाहेर लोक केदारच्या पाठीवर थापा मारत होते. मी पार्किंगच्या कोपऱ्यात जाऊन विवेकला फोन लावला.

"दोन राज्यांची कॉम्प्युटरं एकमेकांशी बोलत नसतात," विवेक म्हणाला. "कोण बघतंय? गप्प बस, त्याचा मूड घालवू नको."

"अहो, पण कळलं तर? मास्तर आहे तो. सगळं गाव ओळखतं त्याला."

"तू सांगितलंस तरच कळेल ना!"

मला तेच ऐकायचं होतं. भित्र्या माणसाला गप्प बसायला कारण मिळालं की तो लगेच शहाणा होतो. मी गाडीत बसले आणि केदारला म्हटलं, "छान बोललास हो."

डोंगर

पहाटे निघालो तेव्हा मला नारिंगी जाकीट घातलं होतं, कुणी चुकून मलाच एल्क समजू नये म्हणून. कमरेला अस्वलासाठी तिखट फवाऱ्याचा डबा. रॉयदादांनी माझ्या थालीपिठांचा डबा मात्र गाडीतच ठेवायला लावला. वासाने अस्वल येतं, म्हणाले. जाकिटाच्या आतल्या खिशात दोन बेसनाचे लाडू होते, ते मी त्यांना सांगितलं नाही. नंतर सगळी चढण मला आपल्याच अंगाला साजूक तुपाचा घमघमाट येतोय असं वाटत राहिलं.

"खिंडीपर्यंत मोठ्याने बोलत चला," रॉयदादा म्हणाले. "अस्वलाला दचकवायचं नाही. खिंडीनंतर एक शब्द नाही."

मला बोलायला काही सुचेना, म्हणून मी रामरक्षा म्हणायला लागले, खणखणीत. एका पाइनच्या खोडावर माझ्या डोक्याच्याही वर नखांचे ओरखडे होते आणि त्यातून ताजा चीक गळत होता. तिथे माझा आवाज चिरकला. ओढा ओलांडताना पाय घसरला आणि मी गुडघाभर पाण्यात बसले. केदारने बखोटीला धरून वर काढलं. "परत जाऊ या का, आई?" त्याने विचारलं. खरं तर तेव्हाच सगळं सांगून टाकायला हवं होतं. मी म्हटलं, "नको, चल."

खिंडीपलीकडे सगळं गप्प झालं. एका मोठ्या दगडामागे आम्ही पोटावर पडलो. खाली गवताचं कुरण होतं, त्यावर दहिवर गोठलेलं. मग एक आवाज आला, आधी शीळ आणि मग किंकाळी. नर एल्कची हाक. झाडीतून तो नर बाहेर आला. तोंडातून वाफ निघत होती. शिंगं एवढी जड की मान वळवताना तो थांबून वळवत होता.

केदारने रायफल दगडावर टेकवली. मी त्याच्याकडे बघायला हवं होतं, पण मी बघत होते रॉयदादांकडे. दुर्बीण डोळ्याला लावलेली, आणि खालचा ओठ लहान मुलासारखा थरथरत होता. किती वर्षं मोजायचं सोडून दिलेल्या माणसाचं तोंड होतं ते. त्या सोडतीत केदारचं नाव नसतं, तर त्या जागी कुणाचं निघालं असतं? यांचंही निघू शकलं असतं. शेजाऱ्याच्या ताटातली चोरी, असं तो अधिकारी म्हणाला होता, आणि शेजारी माझ्यापासून हातभर अंतरावर पडला होता. आतापर्यंत नुसता कागद होता. गोळी सुटली की रक्त सांडणार होतं, आणि ते केदारच्या नावाला लागणार होतं.

मला अस्वलाची भीती वाटली होती, पिस्तुलांची वाटली होती, पण आपल्याच पोराच्या तोंडाची एवढी भीती मला जन्मात वाटली नव्हती.

"केदार," मी म्हटलं. "मारू नकोस. तो टॅग तुझा नाही."

त्याचं बोट तिथेच थांबलं. माणसाचा आवाज ऐकून एल्कने मान वर केली, आमच्या दगडाकडे पाहिलं आणि चार ढांगांत तो झाडीत नाहीसा झाला. केदारने आधी रायफल उघडून गोळ्या काढल्या, एक एक करून खिशात टाकल्या. मगच माझ्याकडे वळला. मी सगळं सांगितलं, मराठीत, भराभरा, मोदकासकट.

"आई, यू टिक्ड व्हॉट?"

"रहिवासी म्हणून."

"बट आय डोन्ट लिव्ह देअर!"

"तू माझ्या समोर बसला होतास रे, घरात!"

"आणि काल तू ऐकलंस ना, तो ऑफिसर काय म्हणाला ते? काल का नाही सांगितलं?"

"घाबरले."

तो वळून रायफलचा पट्टा खांद्यावर चढवायला लागला. ओरडला असता तर बरं झालं असतं. रॉयदादा आमच्या दोघांकडे बघत होते, त्यांना अक्षर कळलं नव्हतं. केदारनेच त्यांना सांगितलं, आणि त्यात त्याने आई हा शब्द येऊ दिला नाही. गेल्या वर्षी मी मिशिगनमध्ये रहिवासी म्हणून मासे धरले, म्हणाला. हा टॅग मला लागायला नको होता.

रॉयदादांनी हॅट काढली, डोकं खाजवलं, एल्क गेला त्या झाडीकडे पाहिलं. "चांगला नर होता," म्हणाले. मग, "वॉर्डन दुपारपर्यंत ऑफिसात असते. आपणहून गेलास तर बरं."

आम्ही उतरायला लागलो. ओरखड्यांच्या झाडापाशी आलो तसे रॉयदादा थांबले आणि मागे न बघता म्हणाले, "मॅम, तुमचं ते म्हणा. अस्वलासाठी." मी रडत रडत रामरक्षा म्हटली. दोन ओळी विसरले, पन्नास वर्षांत पहिल्यांदा.

ऑफिस

वॉर्डन म्हणजे जंगलखात्याची पोलीसच. चाळिशीची बाई, कमरेला पिस्तूल, टेबलावर मुलीचा फोटो. ती मुलगी केदारच्याच वर्गात आहे, हे केदारने आत शिरताना मला सांगितलं. ती केदारला "मिस्टर के" म्हणाली, शाळेत म्हणतात तसं. त्याने टॅग टेबलावर ठेवला आणि सांगितलं. तिने ऐकून घेतलं, टॅग पाकिटात घातला, पाकिटावर तारीख घातली. आवाज चढवला नाही, पण हसलीही नाही.

टॅग गेला. पुढचं सरकारी वकील ठरवतील, ती म्हणाली. दंड होईल, कदाचित काही वर्षं शिकार बंद होईल. "त्यांना आधी एकच गोष्ट बघावी लागेल. तो खरोखर मिशिगनला राहत होता आणि इथे खोटं बोलला, की राहत इथेच होता आणि तिथे पाहुणा गेला होता."

"चूक माझी आहे," मी म्हटलं. "त्याला माहीत नव्हतं. मला लावा काय लावायचं ते."

"मॅम, मला चूक कुणाची ते नकोय." तिने एक कोरा कागद आणि पेन माझ्यापुढे सरकवलं. "तो तुमच्याकडे राहतो का?"

साधा प्रश्न. त्याची खोली आहे ना माझ्याकडे. पलंगावर चादर घातलेली आहे, महिन्याला मी ती धुते. कपाटात त्याचा सातवीतला बूट आहे. मी केदारकडे पाहिलं. तो जमिनीकडे बघत होता, आणि अस्वलाच्या झाडाशी मी अंग चोरलं होतं तसं त्याने चोरलं होतं. घाबरला होता माझा मुलगा.

मी इंग्रजीत लिहिलं, तुम्हाला मराठीत सांगते. माझा मुलगा माझ्या घरी राहत नाही. गेल्या वर्षी तो चार दिवस पाहुणा म्हणून आला होता. त्याचं घर वायोमिंगमध्ये आहे. तो मिशिगनचा रहिवासी असल्याचं मी लिहिलं, ते खोटं होतं.

खाली सही केली, नात्याच्या जागी "आई" लिहिलं. वॉर्डनने कागद उजेडात धरून सावकाश वाचला आणि एका ओळीवर बोट ठेवून तो परत माझ्यापुढे केला. अक्षर फार वेडंवाकडं झालंय, म्हणाली, ही ओळ वकिलांना वाचता येणार नाही, तेवढी पुन्हा लिहा.

मी पेन घट्ट धरलं आणि एकेक अक्षर सुटं काढत पुन्हा लिहिलं, त्याचं घर वायोमिंगमध्ये आहे.